तीन फूट चढलेले पाणी आणि हरवलेले क्रॅपी : जॉर्डन लेकवरील एक प्रकरण

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात असलेल्या जॉर्डन लेक या जलाशयावर मार्चअखेरच्या बारा दिवसांत घडलेले हे प्रकरण आहे. एका शनिवारी ज्या फांद्यांच्या ढिगावर आम्हा दोघांना चार तासांत सत्तावीस क्रॅपी मासे मिळाले, त्याच ढिगावर पुढच्या शनिवारी, तीच साधने, तेच आमिष आणि तीच सकाळची वेळ असताना, अडीच तासांत गळाच्या दोऱ्यावरचे तरंगते बूच एकदाच हलले. मधल्या सात दिवसांत जलाशय तीन फूट चढला होता, पाणी पाच-सहा अंश फॅरनहाइटने गार पडले होते आणि वरच्या अंगाला ते मातीने लाल झाले होते. मासे कुठे गेले, ते कसे सापडले आणि शोधताना आमचे काय चुकले, हे मी माझ्या नोंदवहीवरून लिहीत आहे. गरवायला जाताना मी पाण्याची पातळी, तापमान, गढूळपणा आणि आमिषाची खोली या चार गोष्टी न चुकता टिपतो. त्या नोंदी नसत्या, तर या प्रकरणाचा उलगडा झाला नसता.

क्रॅपी हा सनफिश कुळातला, तळहाताएवढा रुंद आणि दोन्ही बाजूंनी चपटा असा गोड्या पाण्यातला मासा आहे. लिहिताना क्रॅपी लिहितात, पण इथले बरेच जुने लोक त्याला क्रॉपी म्हणतात. त्याच्या दोन जाती आहेत. पांढऱ्या क्रॅपीच्या अंगावर उभे पुसट पट्टे असतात, तर काळ्या क्रॅपीच्या अंगावर काळे ठिपके विस्कटलेले असतात. मात्र विणीच्या दिवसांत नर इतके काळवंडतात की रंगावरून काहीच ठरवता येत नाही. अशा वेळी पाठीवरच्या पराचे काटे मोजावेत. पाच किंवा सहा असले तर पांढरा, सात किंवा आठ असले तर काळा. हा केवळ हौसेचा तपशील नाही, कारण पांढरी जात गढूळ पाणी अधिक सोसते आणि पुढे या प्रकरणात त्याचा उपयोग झाला.

जलाशय

१९४५ साली सप्टेंबरमध्ये केप फिअर नदीला मोठा पूर आला आणि फेएटव्हिल शहराचे फार नुकसान झाले. त्यानंतर पूरनियंत्रणासाठी वरच्या अंगाला धरण बांधण्याचा विचार सुरू झाला. १९६३ साली अमेरिकी संसदेने प्रकल्पाला मंजुरी दिली, १९६७ साली काम सुरू झाले आणि १९८२ साली जलाशय भरला. अमेरिकी लष्कराचे अभियंता दल तो चालवते. त्याची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून २१६ फूट असून त्या पातळीला पाण्याचा विस्तार १३,९४० एकर आहे. माझे बालपण भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी, चिलापी गरवण्यात गेले, म्हणून पाणलोट, विसर्ग, पातळी हे शब्द मला लहानपणापासून सवयीचे आहेत. जॉर्डनवर पहिल्यांदा बोट घातली तेव्हा ते सगळे पुन्हा कामी आले. कॅरी, एपेक्स आणि मॉरिसव्हिल भागातली बरीच मराठी घरे या जलाशयाच्या जवळ राहतात, आणि कॅरी व एपेक्स इथल्या नळाला येणारे पाणीही याच जलाशयातून उचलले जाते.

जलाशयाला दोन हात आहेत. पश्चिमेकडच्या हातात हॉ नदी येते आणि उत्तरेकडच्या लांब हातात न्यू होप व तिच्या सोबतचे ओढे येतात. हॉ नदीच्या हातात आलेले पाणी सरासरी पाचेक दिवसांत धरणापाशी जाऊन बाहेर पडते, तर न्यू होपच्या हातात ते सरासरी वर्षाहून अधिक काळ रेंगाळते. गरवणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. नदीच्या हातात गढूळ पाणी लवकर येते आणि लवकर जाते. लांब हातात ते हळूहळू पसरते, आणि ते कुठपर्यंत पोचले आहे याची रेघ पाण्यावर डोळ्यांनी पाहता येते. शिवाय न्यू होपचा हात रस्त्यांच्या भरावांनी तुटलेला आहे. उत्तरेला फॅरिंग्टन रस्त्याचा आणि त्याखाली ६४ क्रमांकाच्या महामार्गाचा भराव पाण्यात आडवा गेला आहे, आणि वरचे पाणी खाली यायला पुलाखालची मोकळी जागाच काय ती उरली आहे. आमचे सगळे प्रकरण फॅरिंग्टनच्या पुलाच्या आसपास घडले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. क्रॅपीविषयी जे काही वाचायला मिळते, त्यातले बरेचसे खाजगी घरांच्या लाकडी धक्क्यांखाली गरवण्याविषयी असते. जॉर्डनच्या काठची जमीन सरकारी असल्यामुळे इथे तसे धक्केच नाहीत. इथे माशाला आसरा म्हणजे पुलाचे खांब, भरावाचे दगडी पिचिंग, जुन्या ओढ्यांची बुडालेली पात्रे, पाणी चढले की बुडणारी काठची झुडपे, आणि राज्याच्या वन्यजीव आयोगाने व गरवणाऱ्यांनी पाण्यात सोडलेले फांद्यांचे ढीग.

पहिला शनिवार

पातळी २१६ फुटांच्या जरा वर, पाणी ५८ अंश फॅरनहाइट (साधारण साडेचौदा अंश सेल्सिअस), आकाश ढगाळ, वारा दक्षिणेचा. पांढरा जिग (शिशाचे डोके असलेला, पिसांचा नकली आमिष-गळ) पाण्यात सोडला तर तो दिसेनासा व्हायला अडीच फूट लागत होते, म्हणजे जॉर्डनच्या मानाने पाणी निवळ होते. पाणी ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान आले की क्रॅपीची वीण जोर धरते. त्याआधीचे दोन-तीन आठवडे मासे खोल पात्रातून निघून खाडीच्या, म्हणजे काठात आत शिरलेल्या पाण्याच्या फाट्याच्या, तोंडाशी थांबतात, आणि पाणी तापेल तसे आत सरकतात. ५८ अंश हा अगदी त्या थांब्याचा आकडा आहे.

पुलाच्या दक्षिणेला, पूर्व काठच्या एका खाडीच्या तोंडाशी फांद्यांचा एक ढीग आहे. तळ बारा फुटांवर आणि ढिगाचा माथा सात फुटांवर. दोऱ्यावर सरकणाऱ्या बुचाला गाठीने सहा फुटांवर अडवून आम्ही जिवंत बारकी मासळी लावली होती, म्हणजे आमिष ढिगाच्या माथ्यावर एक फूट राहत होते. क्रॅपीचे डोळे असे बसवलेले आहेत की तो वर पाहून खातो. आमिष त्याच्या वर असले तर तो उठून घेतो, पण खाली गेले तर सहसा वळून पाहत नाही. सत्तावीसपैकी सोळा मासे ठेवले. जॉर्डनवर दहा इंचांखालचा क्रॅपी ठेवता येत नाही आणि एका माणसाला दिवसाला वीसच ठेवता येतात, त्यामुळे बोटीच्या कडेला मोजपट्टी चिकटवलेली असते.

मधला आठवडा आणि दुसरा शनिवार

रविवारी रात्रीपासून मंगळवारपर्यंत पाऊस झाला. बुधवारी पातळी २१९ फुटांवर गेली. अभियंता दल पातळीचे आकडे रोज जाहीर करते, तेव्हा हे घरबसल्या कळत होते. गुरुवारी थंड हवेची लाट आली, वारा वायव्येकडून सुटला आणि शुक्रवारी रात्री थंडी गोठणबिंदूच्या आसपास गेली. शनिवारी सकाळी आम्ही फॅरिंग्टन पॉइंटच्या रॅम्पवर बोट उतरवली तेव्हा आकाश निरभ्र निळे होते आणि पाण्यावर ओंडके तरंगत होते. पूर आलेल्या जलाशयावर पहिला अर्धा तास हळू चालवायचा, हा आमचा नियम आहे. पाण्याखाली अर्धवट बुडालेला ओंडका दिसत नाही, आणि ५३ अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम देईनासे होतात.

बोट माझ्या शेजाऱ्यांची आहे. ते मूळचे साताऱ्याचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, आणि मी त्यांना दादा म्हणतो. आम्ही सरळ त्याच ढिगावर गेलो, कारण आठ दिवसांपूर्वी तिथे मासे होते. ही आमची पहिली चूक म्हणता येणार नाही. मागच्या जागेपासून सुरुवात करणे रास्तच आहे. चूक पुढची होती. बुचाची गाठ गेल्या शनिवारी जिथे होती तिथेच होती.

अडीच तासांत बूच एकदा हलले. साडेनऊला दादांनी काठी खाली ठेवली आणि विचारले, "अरे, तू आमिष किती फुटांवर सोडलं आहेस?" मी म्हणालो, "सहा फुटांवर, दादा. मागच्या वेळेसारखंच." ते म्हणाले, "पण ढीग कुठं वर आलाय? पाणी वर आलंय."

ती गोष्ट ऐकायला साधी आहे, आणि तिथे उभे असताना ती आम्हा दोघांनाही अडीच तास सुचली नव्हती. पातळी तीन फूट चढल्यावर ढिगाचा माथा सात फुटांवरून दहा फुटांवर गेला होता. आमचे आमिष पृष्ठभागापासून सहा फुटांवरच लटकत होते, म्हणजे माथ्यावर एक फूट असणारे आमिष आता चार फूट वर राहिले होते. निवळ आणि उबदार पाण्यात क्रॅपी चार फूट उठूनही आला असता. थंडीची लाट येऊन गेल्यावर, लख्ख उन्हात आणि वीतभर दिसणाऱ्या पाण्यात तो आसऱ्याला चिकटून बसतो आणि तोंडापाशी आलेलेच घेतो. बुचावर चालणाऱ्या माणसाची खोली पृष्ठभागापासून मोजली जाते, माशाची खोली आसऱ्यापासून. पातळी स्थिर असते तोवर या दोन मोजण्यांतला फरक लक्षात येत नाही. पूरनियंत्रणाच्या जलाशयात पातळी क्वचितच स्थिर असते, म्हणून मी आता गाठ बांधण्याआधी त्या दिवशीची पातळी पाहून वजाबाकी करतो.

गाठ नऊ फुटांवर सरकवली आणि वीस मिनिटांत दोन मासे लागले. दोन्हींच्या पाठीवरचे काटे सहा-सहा होते, म्हणजे दोन्ही पांढरे क्रॅपी. त्यानंतर पुन्हा शांतता. गेल्या शनिवारी त्या ढिगावर मिळालेले बहुतेक मासे काळे होते. दोन मासे ही काही मोठी संख्या नव्हे आणि तीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण त्या क्षणी मला ती खूण पुरेशी वाटली. गढूळ पाणी सोसणारे मागे राहिले होते आणि बाकीचे हलले होते. खोलीची चूक सुधारली होती, तरी जागेचा प्रश्न तसाच होता.

मग दुसरी चूक झाली, आणि ती वाचीव ज्ञानाची होती. वसंतात पाणी चढले की क्रॅपी बुडालेल्या झुडपांत शिरतात, असे सगळीकडे लिहिलेले असते आणि ते बहुधा खरेही असते. खाडीच्या शेपटाशी विलोची आणि बटनबुशची झुडपे छातीएवढ्या पाण्यात उभी होती. बघताच मन भरेल अशी ती जागा होती. आम्ही तिथे सव्वा तास घालवला, एकेका झुडपाच्या बुंध्याशी जिग सोडला, आणि आम्हाला काहीही मिळाले नाही. तापमापक आम्ही शेवटी बुडवला. तो आधी बुडवायला हवा होता. खाडीच्या तोंडाशी ५२ अंश असलेले पाणी शेपटाशी ५० अंश होते. याचे कारण असे की पावसाचे गार पाणी ओढ्याने सगळ्यात आधी खाडीच्या शेपटाशी येते, आणि निरभ्र रात्री उथळ पाण्याची ऊब सगळ्यात लवकर उडून जाते. पाणी चढल्यावर मासे झुडपांत शिरतात ते तिथे ऊब आणि खाणे असते म्हणून. चढलेले पाणीच गार असेल, तर झुडपे नुसती झुडपे राहतात.

अकरा वाजता आम्ही मासे शोधणे थांबवले आणि पाणी तपासायला सुरुवात केली. माझ्या मते या प्रकरणातला वळणाचा क्षण तोच होता. पांढरा जिग बोटीच्या कडेने सोडायचा, दिसेनासा झाला की दोरा चिमटीत धरायचा आणि मोजायचे, एवढेच काम. पुलाच्या उत्तरेला तो चार इंचांवर नाहीसा झाला. खाडीच्या तोंडाशी आठ इंचांवर. पुलाखालच्या धारेत सहा इंचांवर. आणि पुलाच्या दक्षिणेला, भरावाच्या आडोशाच्या कोपऱ्यात, वीस इंचांवर.

हा शेवटचा आकडा आम्ही तीनदा मोजून पाहिला. पुलापासून जेमतेम शंभर हातांवर निवळ पाणी कसे राहिले, हे काठावर घडीच्या खुर्चीवर बसून दोन काठ्या लावलेल्या एका वयस्कर स्थानिक गृहस्थांनी आम्हाला सांगितले. त्यांची बादली भरत आली होती. त्यांचे म्हणणे असे की गढूळ पाणी पुलाखालून मधोमध येते आणि तसेच सरळ पुढे जाते. भरावाच्या पाठीमागचे कोपरे शेवटी गढूळतात, आणि ते दोन-तीन दिवस माशांना पुरतात. उजनीच्या कालव्यावर मी हेच लहानपणी पाहिले होते. अरुंद वाटेतून सुटलेले पाणी धारेत जाते आणि दोन्ही बाजूंना थबकलेल्या पाण्याची पोकळी उरते. नदीत भोवऱ्याच्या कडेला काडीकचरा संथ फिरताना दिसतो, तीच ही जागा.

सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, त्या कोपऱ्यात पाच ते नऊ फुटांच्या पट्ट्यात बारक्या माशांचा दाट ढग दिसला. ते शॅड होते. पृष्ठभागावर त्यांची चांदीसारखी चुळबूळही अधूनमधून दिसत होती. जॉर्डनमध्ये शॅड मुबलक आहेत आणि मोठ्या क्रॅपीचे ते मुख्य खाणे आहे. शॅड पाणी गाळून आणि टिपून सूक्ष्म जीव खातात, त्यामुळे मातीने भरलेले पाणी त्यांना नको असते. ते निवळ कोपऱ्यात सरकले आणि क्रॅपी त्यांच्या मागे आले, असा माझा तर्क आहे. ढगाच्या खालच्या कडेला, पुलाच्या दोन खांबांपाशी, आठ ते दहा फुटांवर मोठ्या माशांच्या कमानी (पडद्यावर मासा कमानीसारखा उमटतो) उभ्या एकावर एक दिसत होत्या. तिथे तळ सतरा फुटांवर होता. आमचा सोनार जुना, फक्त खाली पाहणारा आहे. समोर पाहणारे नवे सोनार असते तर हे मासे कदाचित सकाळी आठलाच दिसले असते, हे मी मान्य करतो. पण ते तिथे का आहेत हे त्यानेही सांगितले नसते, आणि पुढच्या पुराला ते ‘का’च उपयोगी पडणार आहे.

खांबांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण चढउताराच्या जलाशयात ती सगळ्यात भरवशाची जागा आहे असे मला वाटू लागले आहे. फांद्यांचा ढीग एका ठरावीक खोलीवर असतो. पाणी चढले की तो खोल जातो, ओसरले की उघडा पडतो. खांब मात्र तळापासून पृष्ठभागापर्यंत उभा असतो, त्यामुळे पातळी काहीही असली तरी त्याच्या कडेला सगळ्या खोल्या मिळतात. माशाला पाच फुटांवरून दहा फुटांवर जायचे असेल तर जागा सोडावी लागत नाही, खांबाला धरून खाली सरकले की झाले. गार पडलेल्या पाण्यात अंगातली ताकद राखून असणाऱ्या माशाला हे सोयीचे पडते. शिवाय तिथे पाण्याचा साठा मोठा असल्यामुळे तापमान खाडीइतके पटकन पडत नाही. त्या दिवशी खांबांपाशी ५४ अंश होते, खाडीच्या शेपटापेक्षा चार अंश जास्त.

आम्ही बूच काढून टाकले आणि बोट खांबापासून काठीभर अंतरावर बांधून सरळ खाली सोडायला सुरुवात केली. १/१६ औंसाचा जिग, त्याला काळी-पोपटी पिसांची शेपटी, आणि सहा पौंड ताण सोसणारे तंगूस. गढूळ पाण्यात सुंदर रंगापेक्षा उठून दिसणारा रंग लागतो, म्हणून काळा आणि पोपटी. जिग दहा फुटांवर नेऊन एक-एक फूट वर घेत गेलो आणि साडेआठ फुटांवर पहिला मासा लागला. तो चावा झटक्याचा नव्हता. तंगूस ताठ होते ते अचानक सैल पडले, एवढेच. क्रॅपी खालून वर येऊन आमिष तोंडात घेतो आणि तसाच वर जातो, तेव्हा वजन हलके होते. दोरा सैल पडणे हाच चावा समजून काठी नुसती मनगटाने उचलायची असते. त्याच्या ओठांची कातडी इतकी पातळ असते की जोराने हिसका दिला तर गळ फाडून निघतो. दादांचे पहिले दोन मासे असेच गेले. मग त्यांनी रिळाचा ताण ढिला केला आणि हातजाळी माशाखाली धरूनच मासा उचलायला सुरुवात केली.

पावणेबारा ते दोनच्या दरम्यान एकोणीस मासे मिळाले. त्यांतले अकरा ठेवण्याजोगे होते. सगळ्यात मोठी मादी तेरा इंचांची होती आणि गाबोळीने पोट टरटरीत होते. काटे मोजले तेव्हा एकोणिसांपैकी सोळा काळे क्रॅपी निघाले. विणीच्या तोंडावरच्या माद्या ठेवाव्यात की सोडाव्यात, यावर दादांचे आणि माझे मत वेगळे आहे. क्रॅपीची एका वर्षाची पिलावळ किती टिकेल हे मुख्यतः त्या वसंतातल्या पाण्याच्या पातळीवर आणि हवेवर ठरते, गरवणाऱ्यांनी नेलेल्या माद्यांचा वाटा त्यात लहान असतो, हे दादांचे म्हणणे अभ्यासाला धरून आहे. तरीही ती तेरा इंचांची मादी मी सोडली. दादांना गाबोळी आवडते, आणि त्यांच्या वाट्याच्या दोन माद्या त्यांनी ठेवल्या. नियमात ते पूर्णपणे बसत होते.

बुधवार

शनिवारनंतर चार दिवस ऊन पडले आणि दुपारची हवा ७८ अंशांपर्यंत गेली. धरणातून विसर्ग वाढवला होता. बुधवारी दुपारी पातळी २१७ फुटांच्या जरा वर होती, म्हणजे शनिवारपेक्षा सुमारे दोन फूट खाली. कामावरून सुटून साडेचारला आम्ही पुन्हा पुलापाशी गेलो. आता भरावाचा कोपराही गढूळ झाला होता. जिग सात इंचांवर नाहीसा झाला. त्या गृहस्थांनी सांगितलेले दोन-तीन दिवस संपले होते. खांबांपाशी तीन लहान मासे लागले आणि सोनारवर शॅडचा ढग नव्हता.

या वेळी आम्ही आधी पाणी तपासले. खांबांपाशी ५८ अंश. खाडीच्या दक्षिण काठाला ५९. उत्तर काठाला, म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेल्या आणि दिवसभर ऊन घेणाऱ्या काठाला, ६२. गढूळ पाणी शनिवारी आमच्या विरोधात होते, बुधवारी ते आमच्या बाजूला आले, कारण मातीचे कण ऊन शोषतात आणि वरचा दोन-तीन फुटांचा थर निवळ पाण्यापेक्षा लवकर तापतो. गढूळ पाण्यात उजेडही खोल जात नाही, त्यामुळे एरवी लाजणारा मासा उथळात येऊन राहतो.

शनिवारी ज्या झुडपांनी आम्हाला सव्वा तास रिकामे ठेवले होते, त्याच रांगेकडे आम्ही गेलो. मात्र आतल्या झुडपांकडे नाही. आतली झुडपे आता दीड फूट पाण्यात होती आणि पाणी अजून उतरत होते. पाणी ओसरू लागले की क्रॅपी काठाच्या अगदी आत थांबत नाही, पाण्याबरोबर मागे सरतो आणि पुढचा जो आसरा लागेल तो धरतो. हा आसरा म्हणजे बाहेरची, चार फूट पाण्यातली झुडपे. बूच पुन्हा लावले आणि या वेळी गाठ अडीच फुटांवर बांधली.

पहिल्याच झुडपाशी बूच उभे राहिले, क्षणभर थरथरले आणि मग बुडण्याऐवजी पाण्यावर आडवे झोपले. वाऱ्याने झोपले असे नव्याला वाटेल. बूच उभे राहते ते खालच्या शिशाच्या वजनाने. माशाने आमिषासकट ते शिसे उचलले की बुचाला ओढायला कोणी उरत नाही आणि ते आडवे होते. काठी उचलली तर दोरा जड लागला. वर आलेला नर मानेपासून शेपटीपर्यंत कोळशासारखा काळा होता आणि त्याच्या शेपटीच्या पराची खालची कड झिजलेली होती. नर तळ साफ करून घर करतो आणि मादी अंडी घालून गेल्यावर तोच राखण करतो. त्या रांगेत आणखी आठ नर लागले आणि मादी एकही नाही, म्हणजे नर जागा धरून बसले होते आणि माद्या अजून मागे, खाडीच्या तोंडाशी खोलात होत्या.

ते सगळे नर आम्ही सोडले. ६२ अंशांना राखणीवर बसलेला नर उचलला तर त्या घराला कोणी राखणदार राहत नाही, आणि लहान सनफिश क्षणात अंड्यांवर येतात. त्या दिवशी मला अधिक काळजी पातळीची होती, कारण ती आणखी चार फूट उतरली असती तर ती घरे उघडी पडली असती. पुढचे पाच दिवस मी रोज सकाळी आकडा पाहत होतो. पाणी दिवसाला तीन-चार इंचांनी उतरत २१६ फुटांवर आले आणि तिथेच थांबले. बाहेरच्या झुडपांखाली तेव्हा पावणेतीन फूट पाणी होते.